ब्लेड चेसिसचा पीएसयू बदलायचाय? आधी केबल कुठे जाते ते बघा

ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना, ऐरोलीपासून महाप्यापर्यंत, एके काळी रसायनांचे आणि औषधांचे कारखानेच दिसायचे. आता त्यांच्या शेजारी डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत आणि ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळ्याला, घणसोलीला उतरणाऱ्या मुलांपैकी कित्येक जण त्यांत शिफ्ट करतात. डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटी करून आलेल्याला ओएस, नेटवर्क, स्टोरेज थोडंफार येत असतं. वीज मात्र 'इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम' म्हणून बाजूला राहिलेली असते. मग एखाद्या रात्री तिकीट पडतं: 'चेसिसचा पीएसयू ३ फेल, रिप्लेस करा.' स्टोअरमधून नवा पीएसयू (पॉवर सप्लाय युनिट, मशिनला वीज पुरवणारा डबा) येतो, मॅन्युअलमध्ये हॉट-स्वॅप लिहिलेलं असतं, म्हणजे चालू मशिनमधून ओढायला हरकत नाही असं वाटतं.

हरकत नसतेही. पण कधी नसते, हे मॅन्युअल तुमच्या रॅकपुरतं सांगू शकत नाही. पीएसयू ओढून नवा बसवायला दोन मिनिटं लागतात. त्याआधीची तपासणी अर्ध्या तासाची, आणि काम म्हणतात ते खरं तर तेच. हा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल जास्त आहे, दोन मिनिटांबद्दल कमी.

चेसिस समोर आहे. त्यात काय काय आहे?

साध्या रॅक सर्व्हरला स्वतःचे दोन पीएसयू असतात. ब्लेडला, म्हणजे खणात सरकवायच्या पातळ सर्व्हरला, स्वतःचा एकही नसतो. सगळ्या ब्लेड एका चेसिसमध्ये, म्हणजे सामाईक पेटीत, बसतात, आणि चेसिसचे पीएसयू सगळ्यांना मिळून वीज देतात. एचपीचा सी ७००० हा आपल्याकडे अजूनही खूप ठिकाणी चालू असलेला चेसिस: १० यू उंची (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप), १६ अर्ध्या उंचीच्या ब्लेड, ६ पीएसयू, १० पंखे. डेलचा एम १००० ई जवळपास याच मापाचा, त्यातही ६ पीएसयू. त्यानंतरच्या डेल एमएक्स ७००० मध्ये आणि एचपीई सिनर्जीमध्येही सहाच. सिस्कोच्या यूसीएस ५१०८ मध्ये ४.

हे पीएसयू आत २३० व्होल्ट एसी घेतात आणि बाहेर १२ व्होल्ट डीसी देतात. १२ व्होल्ट ऐकून कुणी घाबरत नाही. पण २४०० वॅटचा एक पीएसयू पूर्ण भारावर १२ व्होल्टवर २०० अँपिअर देतो. करंट लागणार नाही, पण मागच्या संपर्कांवर धातू आडवा पडला तर तो वितळेल. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन, लॅनयार्डला लटकवलेल्या किल्ल्या हे सगळं हॉलमध्ये शिरण्याआधी काढून ठेवायचं.

एक भाग मात्र चेसिसमध्ये एकच असतो: मिडप्लेन किंवा बॅकप्लेन, ज्यात सगळं जाऊन बसतं. पीएसयू सहा आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. सहाही ज्या एका पाटीत घुसतात तिची पिन वाकली तर मग रात्रभर चेसिस खाली करत बसावं लागतं.

ओढताना आत काय घडतं

सगळे पीएसयू एकाच १२ व्होल्टच्या बसवर, म्हणजे सामाईक वीजवाहक पट्टीवर, समांतर जोडलेले असतात आणि भार आपसात सारखा वाटून घेतात. पालखी खाली न टेकवता भोई खांदा बदलतात, तसंच हे. एक बाजूला झाला की त्याचं ओझं बाकीच्यांवर क्षणात जातं. अट एवढीच की बाकीच्यांच्या खांद्यात ते पेलण्याइतकं बळ हवं.

यासाठी पीएसयूच्या मागच्या कनेक्टरवर काही पिना लांब, काही आखूड ठेवलेल्या असतात. आत सरकवताना लांब पिना, म्हणजे अर्थ, आधी टेकतात, मग पॉवरच्या, सर्वांत शेवटी आखूड सिग्नल पिन, जी पीएसयूला 'आता आउटपुट चालू कर' असं सांगते. बाहेर ओढताना हेच उलट्या क्रमाने होतं. आखूड पिन आधी सुटते, आउटपुट बंद होतं, आणि मगच पॉवरचे संपर्क सुटतात, त्यामुळे ठिणगी पडत नाही. म्हणूनच पीएसयू एका दमात, सरळ रेषेत ओढायचा आणि तसाच घालायचा. अर्धवट बाहेर काढून 'थांब जरा, नंबर बघतो' असं करत त्याला अधांतरी ठेवायचं नाही. नंबर आधी वाचा.

शिवाय प्रत्येक पीएसयूच्या आउटपुटला मॉसफेटचं एकेरी दार असतं: वीज बसकडे जाते, बसमधून परत येत नाही. एखादा पीएसयू आतून शॉर्ट झाला तरी तो बाकीच्यांचे १२ व्होल्ट ओढून खाली बसवत नाही, ते यामुळे.

एन+१ की एन+एन? इथेच फसायला होतं

चेसिसच्या मॅनेजमेंट पेजवर जा. एचपीमध्ये ते ऑनबोर्ड ॲडमिनिस्ट्रेटर, डेलच्या एम १००० ई मध्ये सीएमसी, सिस्कोमध्ये यूसीएस मॅनेजर. पॉवरच्या पानावर रिडंडन्सी मोड दिसेल (रिडंडन्सी म्हणजे एखादा भाग गेला तरी काम चालू ठेवणारी जादा सोय). नावं कंपनीगणिक बदलतात, पण प्रकार तीनच.

पहिल्यात रिडंडन्सी नाहीच. सगळे पीएसयू कामाला जुंपलेले. हा मोड दिसला तर काहीही न ओढता सीनियरला फोन करा.

दुसरा एन+१, म्हणजे पॉवर सप्लाय रिडंडन्सी. एन म्हणजे भार पेलायला लागणारे पीएसयू. एक पीएसयू गेला तरी बाकीचे भार पेलतील, एवढीच हमी.

तिसरा एन+एन. याला एसी रिडंडन्सी किंवा ग्रिड रिडंडन्सी म्हणतात. फीड म्हणजे रॅकपर्यंत येणारी विजेची एक वेगळी वाट. अर्धे पीएसयू ए फीडवर, अर्धे बी फीडवर, आणि एक अख्खं फीड गेलं तरी चेसिस चालू राहील अशी हमी.

आता हिशेब बघा. ६ पीएसयू, प्रत्येकी २४०० वॅट. चेसिसचा भार धरा ८००० वॅट. एन+१ च्या हिशेबाने ५ पीएसयू मिळून १२००० वॅट देऊ शकतात, त्यामुळे पेजवर सगळं हिरवंगार. पण यूपीएसच्या मेंटेनन्ससाठी बी फीड बंद झालं की उरले ३ पीएसयू, म्हणजे ७२०० वॅट. भार ८०००. आता चेसिस एक तर ब्लेडचा वेग खाली आणून वाचण्याचा प्रयत्न करेल, नाही तर उरलेले तिघे ओव्हरलोडने एकापाठोपाठ बंद पडतील. सहा पीएसयू असलेला, सकाळपर्यंत 'रिडंडंट' लिहिलेला चेसिस.

माझं स्पष्ट मत: दोन फीड असलेल्या हॉलमध्ये एन+१ वर चेसिस ठेवण्याला अर्थ नाही. पीएसयू एकेकटा मरण्यापेक्षा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा ब्रेकर) ट्रिप होणं, कॉर्ड सैल होणं, चुकीचा ब्रेकर बंद केला जाणं हेच जास्त घडतं, आणि त्यातलं एन+१ ने फार थोडं भागतं. मोड बदलण्याचा अधिकार तुम्हाला नसेल. तिकिटात लिहून ठेवण्याचा आहे.

त्याच पानावर पॉवर बजेट नावाचा आकडा असतो. नवी ब्लेड चालू होण्याआधी चेसिसकडे वीज मागते, आणि एन+एन पाळून शिल्लक उरत नसेल तर चेसिस नाही म्हणतो. 'ब्लेड बसवली पण ऑन होत नाही' या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं. ब्लेड खराब समजून परत पाठवायच्या आधी बजेट बघा.

कागद घ्या, पीडीयूचा हिशेब करा

चेसिसच्या आतला हिशेब जमला तरी निम्मंच झालं. वीज येते रॅकच्या पीडीयूमधून (वीज वाटणाऱ्या आउटलेटच्या पट्टीतून), पीडीयू येतो एमसीबीमधून, आणि त्या एमसीबीला तुमच्या रिडंडन्सी मोडशी काही देणंघेणं नाही.

समजा एका चेसिसचा भार ५२०० वॅट डीसी आहे. पीएसयूची कार्यक्षमता ९४ टक्के धरू (८० प्लस प्लॅटिनम या कार्यक्षमतेच्या दर्जाला २३० व्होल्टवर अर्ध्या भाराला एवढी लागतेच). म्हणजे भिंतीकडून ओढले जातात साधारण ५५३० वॅट. २३० ने भागा: सुमारे २४ अँपिअर. दोन्ही फीड चालू असताना निम्मे ए वर, निम्मे बी वर, म्हणजे १२ आणि १२.

रॅकमध्ये असे दोन चेसिस आहेत. पीडीयू ए चा डिस्प्ले दाखवतो २४ अँपिअर. पीडीयू बी पण २४. पीडीयू ३२ अँपिअरचा, सिंगल फेज. बघणाऱ्याला वाटतं, ३२ मध्ये २४, भरपूर जागा आहे.

आता बी बंद करा. सगळा भार ए वर: ४८ अँपिअर, ३२ च्या एमसीबीवर.

गंमत अशी की तो एमसीबी लगेच पडत नाही. एमसीबीच्या मानकाप्रमाणे रेटिंगच्या १.४५ पट करंटला तो एका तासाच्या आत पडला पाहिजे. ४८ म्हणजे दीड पट. आतली द्विधातूची पट्टी तापायला वेळ घेते. म्हणजे बी फीड बंद केलं, पाच मिनिटं बघितलं, सगळं चालू आहे, 'टेस्ट पास' लिहिलं, खाली चहाला गेलं, आणि मग ए पण पडला. दोन्ही चेसिस, बत्तीस ब्लेड.

यावरून कामाचा नियम निघतो. एमसीबी सतत ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा, म्हणजे ३२ वर २५.६ अँपिअर. आणि एका फीडला वेळ आली तर दोघांचा भार घ्यायचा आहे, म्हणून नेहमीच्या दिवशी त्याच्यावर याच्या निम्माच, १२.८ अँपिअर. दोन्ही पीडीयूंच्या आकड्यांची बेरीज करा. ती एका पीडीयूच्या ८० टक्क्यांत बसली पाहिजे. वरच्या उदाहरणात त्या रॅकमध्ये एकच चेसिस बसायला हवा होता.

व्होल्टेजकडेही लक्ष द्या. पीएसयूला वॅट तेवढेच लागतात. व्होल्टेज उतरलं की तो अँपिअर वाढवतो. २३० चे २०७ झाले तर तेच २४ अँपिअर पावणेसत्तावीसच्या घरात जातात. यूपीएसच्या पुढे असं सहसा होत नाही, पण एखादं फीड बायपासवर असलं तर होऊ शकतं.

अमेरिकन मॅन्युअल वाचताना २०८ व्होल्ट दिसेल. तिकडे दोन फेजमधून २०८ काढतात. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्येच २३० मिळतात, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. तिकडचं वायरिंगचं चित्र इकडे लावलं तर पीएसयू जागीच जळेल. या मोठ्या पीएसयूंना पूर्ण ताकद द्यायला २०० व्होल्टच्या वरचा पुरवठा लागतो, आणि तो आपल्याकडे साध्या फेज-न्यूट्रलमधून मिळतो. त्या बाबतीत आपलं सोपं आहे.

थ्री फेज पीडीयू असेल तर प्रत्येक फीडवरच्या तीन पीएसयूंना आर, वाय, बी असा एकेक फेज द्या, म्हणजे तोल राहतो. आणि तोंडी बोलताना जपा: 'बी गेला' म्हणजे बी फेज की बी फीड? फोनवर हा घोळ झाला तर समोरचा चुकीचा ब्रेकर बंद करतो. आमच्याकडे फीडला कायम 'ए साइड, बी साइड' म्हणतात आणि फेजला रंगाने: लाल, पिवळा, निळा. तुम्हीही तसंच म्हणा.

केबल हाताने शोधा

ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, टॅगवर अर्धा ठेवा. टॉर्च घ्या, रॅकच्या मागे बसा, आणि पीएसयूच्या कॉर्डवर बोट ठेवून ती पीडीयूच्या आउटलेटपर्यंत जाईस्तोवर सोडू नका. सहाही कॉर्डचं असंच करा. मग पीडीयूची मोठी केबल फ्लोअरखाली किंवा वर बसबारला कुठे जाते तेही बघा. दोन पीडीयू शेजारी शेजारी उभे आहेत म्हणजे ते दोन वेगळ्या यूपीएसचे असतीलच असं नाही. दोन्ही एकाच पॅनलमधून आलेले रॅक सापडतात, आणि ते शोधायला हाच एक मार्ग आहे.

सी ७००० आणि एम १००० ई मध्ये पीएसयू १, २, ३ एका फीडवर आणि ४, ५, ६ दुसऱ्यावर, असं कंपनीचं गृहीतक असतं. ग्रिड मोडचा सगळा हिशेब चेसिस त्यावरूनच करतो. कॉर्ड खरोखर कुठे गेली आहे हे त्याला कळत नाही. कुणी १, ३, ५ ए वर आणि २, ४, ६ बी वर लावून ठेवले तर पेज बिनदिक्कत 'रिडंडंट' म्हणेल. आणि एका कंपनीची पद्धत दुसरीला लावू नका. आयबीएमच्या जुन्या ब्लेडसेंटरमध्ये पीएसयूच्या दोन जोड्या असत आणि प्रत्येक जोडी ठरावीक ब्लेडनाच वीज देई. तिथे १ व २ एका फीडवर लावणं म्हणजे निम्म्या ब्लेड एकाच फीडच्या भरवशावर सोडणं. प्रत्येक जोडीतला एक ए वर, एक बी वर लागायचा.

कॉर्ड सी १९ टोकाच्या, १६ अँपिअरच्या हव्यात. लॅमिंग्टन रोडवर वाटेल ती कॉर्ड मिळते, पण घेताना केबलच्या अंगावर छापलेलं वाचा: १६ अँपिअरसाठी किमान दीड स्क्वेअर मिलिमीटरची तार लागते. जाड पीव्हीसीच्या आत बारीक तांबं असलेली कॉर्ड हातात सारखीच वजनदार लागते, पण एका फीडवर सगळा भार आला की तापते. ए साठी एक रंग, बी साठी दुसरा, आणि दोन्ही टोकांना टॅग.

दिवे काय सांगतात

ए साइडचे तीनही पीएसयू एकदम काळवंडले, तर पीएसयू खराब नाहीत, फीड गेलंय. इलेक्ट्रिकलला कळवा, स्पेअर मागवू नका.

एकच काळवंडला, तर क्रमाने जा: कॉर्ड दोन्ही टोकांना घट्ट आहे का, आउटलेटला वीज आहे का, दुसरी खात्रीची कॉर्ड लावून काय होतं. आउटलेट बदलून बघायचा असेल तर त्याच फीडच्या पीडीयूवरचा घ्या. चाचणीपुरती म्हणून बी ची कॉर्ड ए मध्ये खोचली जाते, दिवा हिरवा होतो, तिकीट बंद होतं, आणि ती कॉर्ड तशीच राहते. चार महिन्यांनी तिची किंमत कुणीतरी दुसरा मोजतो.

इनपुटचा दिवा हिरवा आणि फॉल्टचा पिवळा, तर पीएसयूच गेला असण्याची शक्यता दाट. लॉगमधली नोंद वाचा: पंखा गेला आहे की तापमान की आउटपुट.

आणि एक प्रकार नव्या मुलांना हमखास चकवतो. भार कमी असला की चेसिस काही पीएसयू स्टँडबायवर टाकतो, म्हणजे उरलेले जास्त भारावर, जास्त कार्यक्षमतेने चालतात. एचपीत त्याला डायनॅमिक पॉवर म्हणतात, डेलमध्ये डीपीएसई. त्या पीएसयूचा आउटपुट शून्य दिसतो, पण तो धडधाकट असतो. ओढायच्या आधी पेजवर त्याची स्थिती 'स्टँडबाय' आहे की 'फेल' हे वाचाच. बदलाच्या वेळापुरती ही सोय बंद करून सगळे पीएसयू जागे ठेवावेत या मताचा मी आहे. विजेची बचत अर्धा तास थांबली तर कुणाचं बिघडत नाही.

आता बदल

सीआर (चेंज रिक्वेस्ट) मंजूर आहे, वेळ ठरलेली आहे, क्लायंटला मेल गेलाय, एनओसीला (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाला) फोन झालाय. वरचा हिशेब कागदावर आहे. अजून एक खात्री: त्याच वेळी इलेक्ट्रिकलचं दुसऱ्या फीडवर काही काम नाही ना? त्यांच्या शिफ्ट इन्चार्जला स्वतः विचारा. 'दादा, आज रात्री यूपीएस बी वर काही घेताय का?' एवढा एक प्रश्न. दोन टीमचे दोन वेगळे सीआर एकाच रात्री मंजूर होतात, ते असेच.

नव्या पीएसयूचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघा. २२५० आणि २४०० वॅटच्या पीएसयूंचं खोकं सारखंच दिसतं, खणात दोन्ही बसतात, पण एका चेसिसमध्ये मिसळायचे नसतात. सेकंडहँड बाजारातून आलेला असेल तर मागचा कनेक्टर भिंगाखाली नाही तरी टॉर्चखाली नक्की बघा: काळा डाग, वाकलेली पिन, हिरवट थर. यातलं काहीही दिसलं तर तो घालायचा नाही.

रिस्ट स्ट्रॅप बांधा आणि चेसिसच्या अर्थ पॉइंटला लावा. खराब पीएसयूचा यूआयडी (ओळखीचा) किंवा फॉल्टचा दिवा, पेजवरचा क्रमांक आणि खणावर छापलेला क्रमांक, तिन्ही जुळतात का ते मोठ्याने वाचा. शक्यतो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

एम १००० ई मध्ये पीएसयू मागच्या बाजूला आणि कॉर्ड थेट त्यातच असते, तेव्हा आधी कॉर्ड काढा. सी ७००० मध्ये पीएसयू पुढे आणि कॉर्ड चेसिसच्या पाठीमागे, त्यामुळे पुढून पीएसयू ओढला की झालं. मागे जाऊन कॉर्ड शोधत बसण्यात दुसऱ्याचीच कॉर्ड हाती लागण्याचा धोका जास्त. लॅच दाबा, हँडल धरा, एका हाताने ओढा, दुसरा खालून आधाराला ठेवा. पीएसयू जड असतो आणि गरमही.

खण रिकामा झाला की नवा घालायची घाई नको, पण वेळही दवडू नका, कारण उघड्या खणातून हवा उलटी वाहते आणि शेजारचे तापतात. टॉर्चने आत बघा. जळका वास, काळपट डाग, तिरकी पिन दिसली तर नवा पीएसयू घालू नका. खराब खण नवा पीएसयूही खातो. ब्लँक (रिकामा खण झाकणारी पाटी) लावा, फोटो काढा, वेंडरला कॉल लावा. सगळं स्वच्छ असेल तर सरळ, एका दमात, लॅच खट् वाजेपर्यंत सरकवा. कॉर्ड काढली असेल तर ती लावा.

मग थांबा. दिवा हिरवा होणं ही पहिली खूण. पेजवर पीएसयू ओळखला जाणं दुसरी. भार वाटून घेऊ लागणं तिसरी. तिसरी दिसेपर्यंत रॅकचं दार लावायचं नाही. सहाही पीएसयूंचे आउटपुट वॅट जवळपास सारखे दिसायला हवेत. एखादाच शून्यावर अडकला असेल तर फर्मवेअरचा फरक आहे का बघा. पीएसयूंनाही फर्मवेअर असतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

पावसाळ्यातला एक मुद्दा

जून ते सप्टेंबर खाडीकाठची हवा ओली असते. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) २४-२५ अंशांच्या आसपास. हॉलच्या आतली कोल्ड आइल (रॅकना थंड हवा देणारी वाट) २०-२२ अंशांना. आता आतला थंड पीएसयू तुम्ही बाहेर लोडिंग बेला आणला, पाहणीसाठी पिशवीतून काढला, की शीतपेयाच्या बाटलीवर जमतं तसं पाणी त्याच्यावर धरतं. बाहेरून ते पुसता येतं, आतल्या बोर्डवरचं दिसतही नाही. एसी स्टोअरमधला स्पेअर लिफ्टच्या उघड्या लॉबीतून न्यायचा असेल तर अँटिस्टॅटिक पिशवी बंदच ठेवा आणि हॉलमध्ये पोचल्यावरच उघडा. ओलसर वाटला तर आतच तासभर ठेवून मग घाला. उलट, बाहेरच्या गरम टेंपोतून आलेल्या खोक्याला असा धोका नसतो; तरी तापमान सारखं व्हायला थोडा वेळ द्या.

फीड टेस्ट

रिडंडन्सी आहे की नाही याचं उत्तर फीड बंद केल्यावरच मिळतं. वर्षातून एकदा तरी, मेंटेनन्स विंडो घेऊन, वरचा पीडीयूचा हिशेब बसत असेल तरच. आधी रॅकमधलं एकाच कॉर्डवर चालणारं सगळं शोधा: जुना केव्हीएम (एकाच कीबोर्ड-स्क्रीनला अनेक सर्व्हर जोडणारा डबा), एखादा छोटा स्विच, कुणीतरी तात्पुरता ठेवलेला मीडिया कन्व्हर्टर. चेसिस वाचतो आणि त्याच्याकडे जाणारा स्विचच मरतो, हे नेहमीचं.

ए साइड बंद करा आणि बी पीडीयूचा आकडा लिहा. पाच मिनिटांवर समाधान मानू नका. एमसीबीच्या तापण्याचं वर सांगितलंय, पूर्ण तास द्या. मग ए चालू करा, सगळे पीएसयू परत भार घेऊ लागलेत आणि लॉगमधले अलर्ट मिटलेत हे बघा, आणि त्यानंतरच बी ला हात लावा. मधल्या या पायरीत घाई झाली की ए चे पीएसयू अजून उठताहेत तोवर बी जातो.

एवढं करूनही ही सगळी रिडंडन्सी कुठपर्यंतची, याचं भान असू द्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. त्या दिवशी ए आणि बी साइड दोन्हीची महावितरणची वीज एकाच वेळी गेली. चेसिसमध्ये सहा पीएसयू असोत की सोळा, उपयोग नव्हता. तिथे यूपीएसची बॅटरी आणि डिझेल जनरेटरच कामाला येतात. पीएसयूकडे स्वतःची साठवण जेमतेम १०-२० मिलिसेकंदांची, म्हणजे ५० हर्ट्झवर फार तर एका सायकलची. पीएसयूची रिडंडन्सी यूपीएसच्या अलीकडच्या बिघाडांसाठी: ब्रेकर, पीडीयू, कॉर्ड, आणि पीएसयू स्वतः. क्लायंटने विचारलं तर हेच सांगा, जास्त वचन देऊ नका.

कागदपत्रं

बदललेल्या पीएसयूचा जुना आणि नवा सीरियल नंबर, खण, वेळ, आणि बदलाआधीचे व नंतरचे दोन्ही पीडीयूंचे आकडे तिकिटात लिहा. हे आकडे पुढच्या माणसाला तुमच्या लांबलचक वर्णनापेक्षा उपयोगी पडतात. टॅग बदलले असतील तर ड्रॉइंगही त्याच दिवशी बदला.

खराब पीएसयू नव्याच्याच खोक्यात, त्याच पिशवीत, फॉल्टची चिठ्ठी लावून ठेवा. स्टोअरच्या 'चांगल्या' रॅकवर तो एक रात्रही राहू देऊ नका, कारण दुसऱ्या पाळीचा कुणीतरी तोच उचलून दुसऱ्या चेसिसला लावतो. आरएमएचा (खराब माल परत पाठवण्याच्या मंजुरीचा) नंबर आला की रिटर्नेबल गेट पास सकाळच्या शिफ्टमध्येच बनवून घ्या. गेटवरचे सिक्युरिटीवाले पासवरचा सीरियल नंबर खोक्यातल्या पीएसयूशी जुळवून बघतात, आणि एक आकडा चुकला तरी कुरिअरवाला हात हलवत परत जातो.